धुराच्या हातावर दही

पिपरडोह वसाहतीत धूर दर हिवाळ्यात राहायला येतो, आणि त्याला कोणाच्या घरी उतरवायचं हे वसाहतीचं कार्यालय ठरवतं.

उन्हाळा-पावसाळा तो पोलाद कारखान्याच्या चिमणीतून परस्पर वर निघून जातो. थंडी पडली की त्याला वर चढवत नाही. मग दिवाळी उरकली की खाली उतरतो आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकतो. दिवसभर गल्लोगल्ली हिंडतो, वाळत घातलेल्या चादरींना हात पुसतो आणि दिवेलागणीला यजमानांच्या बैठकीत येऊन बसतो. यंदा पाळी येरगुड्यांची होती.

वैजयंता येरगुडेची त्याच्याबद्दल तशी तक्रार नव्हती. पाहुणा शांत, खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. उलट तिला कुतूहलच होतं, हा बसतो तेव्हा टेकतो कशाला, आणि झोपतो की नुसता पसरतो. एकदा तिने त्याला उशी देऊन पाहिली. सकाळी उशी काळी झाली होती, पण दबलेली नव्हती.

अडचण एवढीच की बैठकीतच सासऱ्यांची खाट होती. दौलत येरगुडे तीस वर्षं भट्टीवर होते. आता त्यांना खाटेवरून मोरीपर्यंत जायला मध्ये दोनदा थांबावं लागे. हा हिवाळा निघेल, पुढचा कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

फाल्गुन लागताच ती कार्यालयात गेली आणि पुढच्या हिवाळ्यात धूर येऊच नये असं काही करता येईल का, विचारलं. उरकुडे बाबूंनी जुनी नोंदवही काढली.

"वहिनी, याले निरोप देताना घरची बाई दर साली काय करते?"

"हातावर दही ठेवते."

"तेच तं! गावाले जाणाऱ्याच्या हातावर दही काऊन ठेवते आपण? सुखरूप वापस यावा म्हणून. मंग हा येणारच ना!"

"आन् नाही ठेवलं तर?"

"एका साली ढवळ्याच्या घरी दही लागलंच नाही. पुढच्या हिवाळ्यात हा आला नाही. नोंद हाय." बाबूंनी ओळीवर बोट ठेवलं. "यंदा दही बंद. लेखी आदेश देतो."

वैजयंताने शिक्क्याचा कागद घडी घालून घरी नेला. त्या दिवशी तिला बऱ्याच महिन्यांनी भूक लागली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धूर निघाला. नोंद घ्यायला उरकुडे बाबू वही घेऊन दारात उभे होते. धूर उंबऱ्याशी थांबला आणि त्याने उजवा तळहात पुढे केला.

"यंदा दही नाही," वैजयंता म्हणाली.

"बरं," धूर म्हणाला. हात मात्र त्याने मागे घेतला नाही. निघायची दुसरी रीत त्याला कोणी दाखवलीच नव्हती.

"वैजंता," खाटेवरून आवाज आला, "फडताळात वाटी हाय."

"मामाजी, ते तुमच्या भातासाठी लावलं हाय."

"माह्या घरून कोणी रिकाम्या हातानं गेलं नाही." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे थांबले, धूरही. "आन् हा तं माह्याच भट्टीचा. तीस वर्सं मीच धाडला याले वर."

"दिवाळीले वापस येते तो!"

"येऊ दे."

"आन् तुम्ही?"

घरात हे आजवर कोणी तोंडाने बोललं नव्हतं. वैजयंताने बाबूंकडे पाहिलं. बाबूंनी आदेशाकडे पाहिलं, मग पुढे आलेल्या तळहाताकडे.

"आता हात पुढं केला तं ठेवाच लागते, वहिनी," ते हळूच म्हणाले.

तिने वाटी आणली आणि चमचाभर दही त्या हातावर ठेवलं. धुराने ते चाटलं, मान लववली आणि अंगणातून सरळ वर गेला. बाबूंनी लिहिलं: धूर. प्रस्थान, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. परत, दिवाळीनंतर.

वाटीत अजून चमचाभर होतं. वैजयंता खाटेपाशी गेली, सासऱ्यांची मूठ उघडली आणि उरलेलं दही त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"मी कुठं चाललो व माय?" मामाजींनी विचारलं.

"खा," ती म्हणाली.

त्यांनी हात तोंडाशी नेला. उरकुडे बाबूंनी मिटलेली वही पुन्हा उघडली, धुराच्या खालच्या ओळीत दौलत येरगुडे असं लिहिलं, प्रस्थानाचा रकाना कोरा सोडला आणि परतीच्या रकान्यात दिवाळीनंतर असं घातलं.