लालासाहेबांचं पत्र अडलं

इंद्रजितनं चर्चामंडळावर राखणदार बसवला आणि पहिल्याच आठवड्यात त्या राखणदारानं धरला तो त्याचा होणारा सासरा.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. माधवनगरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या इंद्रजितनं सातारा-सांगलीकरांसाठी इंटरनेटवर एक चर्चामंडळ काढलं होतं. भाषा मराठीच, पण लिहायचं इंग्रजी अक्षरांत. शंभरेक माणसं जमली, आणि आपल्याकडं शंभर माणसं जमली की भांडण ठरलेलं. रोजच्या निवाड्यांना कंटाळून त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. कुणी सगळा मजकूर मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत लिहिला, तर तो ओरडतोय असं धरायचं, मजकूर अडवायचा आणि त्याला आपोआप समज धाडायची. इंद्रजितनं तपासून सोडल्याशिवाय तो कुणाला दिसायचा नाही. हुशार पोरगा! फक्त अडवलेलं तपासायचंही असतं, एवढं तो विसरला.

हा होणारा सासरा म्हणजे रहिमतपूरचे लालासाहेब. फौजेत बावीस वर्षं संदेश टाईप करण्यात गेलेली, आणि तिथला संदेश सगळा मोठ्या अक्षरांत. त्यांनी साताऱ्याच्या सायबर कॅफेत बसून कृष्णाकाठच्या वांग्यांवर चार ओळी धाडल्या, अर्थात मोठ्या अक्षरांत. उत्तर आलं, 'आपला आवाज चढला आहे. मजकूर तपासणीसाठी थांबवला आहे.' त्यांनी पुन्हा धाडलं. यंत्र म्हणालं, 'कृपया शांत व्हा.' तिसऱ्यांदा धाडल्यावर म्हणालं, 'आपण वारंवार गोंधळ घालत आहात.'

दोन दिवसांनी लालासाहेबांच्या लेकीचा, उत्कर्षाचा, फोन आला. "आवं, आबांना काय लिवून पाठवलंय तुमी?"

"मी? कायबी न्हाई."

"शांत व्हा म्हनं! कागद छापून आनलाय त्यांनी. खिशात घालून गावभर हिंडत्यात, भेटंल त्याला वाचून दावत्यात. मला म्हनले, बोलव त्याला."

"रागावल्यात व्हय?"

"काय कळंना. पर साखरपुडा आठ दिवसांवर आलाय, एवढं ध्यानात ठेवा."

इंद्रजितच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. यंत्रापायी ती हातची जाणार असेल, तर यंत्राला काडी लावायची त्याची तयारी होती. त्यानं तिन्ही पत्रं सोडून दिली, लालासाहेबांचं नाव 'यांना कधीही अडवू नये' अशा यादीत घातलं, किलोभर भडंग बांधून घेतलं आणि एसटी धरली. कराड येईपर्यंत त्यानं माफीची चार वाक्यं पाठ केली आणि रहिमतपूरला उतरेपर्यंत त्यातली तीन विसरला.

ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. मधोमध लालासाहेब, हातात तो कागद. इंद्रजित वाकून पाया पडला.

"चुकलं माझं, आबा. यंत्रानं परस्पर केलं. आता तुमचं कायबी अडनार न्हाई. थेट जाईल. मी बघनार बी न्हाई!"

लालासाहेबांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेले नानासो खुदकन हसले.

"बघनार बी न्हाई?" लालासाहेब कडाडले. "आरं, लढाईत पत्र कुनाचं तपासत हुते? पुढच्या मोर्च्यावरच्या जवानाचं! मागं बटाटं सोलनाऱ्याचं कोन वाचतंय? तीन दिवस गावाला सांगतोय, माझ्या पत्रावर पहारा हाय म्हनून. ह्या नानासोनं म्हशीवर लिवलं, ते कुनी अडवलं न्हाई. आनि तू मला त्याच्या रांगंत बसवतोस?"

इंद्रजितनं विचारलं, "मग काय करू?"

"अडवायचं! तू सोता वाचायचं, मगच सोडायचं. हे कबूल असंल तर साखरपुडा."

दाराआड उत्कर्षा ओढणी तोंडाला लावून हसत होती.

साखरपुडा ठरल्या दिवशी थाटात झाला. लालासाहेब दर शनिवारी मोठ्या अक्षरांत ओरडू लागले, यंत्र त्यांना इमानानं समज देऊ लागलं आणि इंद्रजित ते वाचून सोडू लागला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एका दुपारी जेवताना इंद्रजितच्या वडिलांनी, अर्जुनाअण्णांनी, हातातला घास ताटात ठेवला. तेही मंडळावर अधूनमधून मेंढरांच्या रोगांवर लिहायचे.

"लालासाहेबांचं तू दर आठवड्याला अडवतोस म्हनं."

"व्हय, अण्णा."

"आनि माझं?"

"तुमचं थेट जातंय की. तुमाला कोन अडवनार?"

अण्णांनी ताट पुढं सरकवलं आणि हात धुतला.

"व्हय रं बाबा. सासऱ्याचा मान ठेवायचा, आनि बापाचं तसंच सोडून द्यायचं!"