पोचूभाऊ आणि शत्रुराष्ट्र

रोज सकाळी सात वाजता पोचूभाऊ धोतर खोचून प्राणहितेच्या काठावर उभे राहायचे आणि शत्रुराष्ट्राशी भांडायचे.

शत्रुराष्ट्र म्हणजे पलीकडचं गाव. इंग्रज गेले तेव्हा नदीपल्याडचं संस्थान वेगळा देश झालं. दोन्ही काठांची मासेमारी, बाजार, सोयरिकी मात्र चालूच राहिल्या. यंदा लढाई लागली तसे डोंगे बंद झाले आणि पलीकडच्या माणसाशी बोलणं गुन्हा ठरला. भांडणाबद्दल हुकमात काही नव्हतं.

"आमच्या देशात गाय व्याली," पोचूभाऊ ओरडत. "कालवड झाली. तुमच्या देशात काय हाय?"

उन्हाळ्यानं पात्र आटलेलं. पलीकडून एका बाईचा आवाज तितक्याच तावात यायचा, की आमच्या देशात छप्पर शाकारून झालं, सासूचा खोकला गेला.

चौकीवरचे जवान भाऊंच्या देशभक्तीवर खूश होते, चहा पाजायचे. मी शाळेची मुख्याध्यापिका. गावातल्या सरकारी याद्या माझ्याकडे. मला म्हातारा चक्रम वाटायचा. मग एकदा पलीकडून ऐकू आलं, "आमच्या देशाले दोन दात आले." त्या दिवशी पोचूभाऊ घरोघर गूळ वाटत फिरले. माझ्या हातावर खडा ठेवला तेव्हा मी विचारलं, शत्रूला दात आल्याचा एवढा आनंद कसला? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"नातू हाय, मॅडम. कोनाले नोका सांगू."

पलीकडची बाई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, राजी.

गेल्या सोमवारी तिच्या गावावर तोफगोळे पडले. आमच्याच बाजूचे. मंगळवारी पोचूभाऊ ओरडले, उत्तर आलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी आमचं गाव धानोऱ्याला हलवायचा हुकूम आला. बस लागली. मी नावं तपासून माणसं चढवली. एक कमी भरला. कुठे असेल ते मला ठाऊक होतं.

काठावर जाऊन म्हटलं, भाऊ, बस सुटते आहे.

"एक डाव," ते म्हणाले आणि तोंडाशी हात धरले. "आमच्या देशात..."

थांबले. पुन्हा श्वास घेतला.

"आमच्या देशात काईच नाई वो माय. तूच सांग."

पलीकडे अजून धूर होता. मागून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी बसपाशी परत गेले, सगळ्यांना खाली उतरवलं आणि यादी पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला घेतली. सावकाश.