मागाचा खड्डा बुजवून देतो

गोविंदकाकांइतक्या हौसेनं खोली दाखवणारा घरमालक मी पाहिला नाही, आणि तितक्याच हौसेनं ती न देणाराही. वरठीच्या कारखान्यात नवा लागलेला कुणी मोटरसायकल थांबवून विचारायचा अवकाश, काका चावी घेऊन हजर. मग चहा, पोहे आणि मागेल ते कबूल. वेगळं मीटर? "झालंच समजा." गच्चीवर जायला जिना? घरावर कवेलूंचं उतरतं छप्पर, गच्चीचा पत्ता नाही, तरी "झालंच समजा." माणूस चार चकरा मारायचा आणि कंटाळून दुसरीकडे जायचा.

मी त्यांचा शेजारी. भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून काका मला वकीलसाहेब म्हणतात आणि माझा सल्ला कधी ऐकत नाहीत.

यंदा मात्र गाठ पडली वंदनाताईंशी. ब्लाउज शिवणारी बाई, मापाला पक्की. काकांचं घर विणकरांचं, त्यामुळे खोलीच्या मधोमध हातमागाचा खड्डा. विणणारा त्यात पाय सोडून बसतो.

"हा बुजवून फरशी टाकून द्या, काकाजी. मले तीन मशिनी मांडाच्या हायेत."

"आठ दिवसांत झालंच समजा. तुमी जुनं दुकान सोडून द्या."

ताईंनी सोडलं. दुसऱ्याच दिवशी तिथं मोबाईलवाला बसला. आठ दिवसांचे दोन महिने झाले, अर्धी लग्नसराई गेली, मशिनी ताडपत्रीखाली पडून, आणि खड्डा जागच्या जागी. ताईंनी भरपाईची नोटीस धाडली.

काका ती घेऊन माझ्याकडे आले. "करारनामा नाई, सही नाई. मंग कायची भरपाई?"

"तुमच्या शब्दावर तिनं दुकान सोडलं न, काका. बोलणी फिसकटली तरी शब्द गळ्यात येऊ शकते. कोर्ट विचारन, बुजवाचाच नव्हता तं बुजवतो काहून म्हनले?"

"मी तं चांगल्या मनानं म्हनलो."

"चांगलं मन कोर्टात दाखल करता येत नाही." मी वैतागलोच होतो. "एक ट्रॉली मुरूम लागते. टाकत काहून नाही?"

काका बराच वेळ नोटिशीची घडी घालत राहिले. "शांता त्यातच बसे. दोनदा मुरूम आनला, वकीलसाहेब. फावडं उचलतो, पन टाकवत नाई."

शांताकाकूंना जाऊन चार वर्षं झाली. मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

नोटिशीला उत्तर लिहायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी ताईंना बोलावलं आणि रस्त्याकडची स्वतःची बैठक उघडून दिली, फरशी, पंखा, उजेडासकट. "खड्डा बुजवनं माह्यानं होत नाई, ताई. तुमाले दुकान पायजे न? हे घ्या." चहाच्या आधी सह्या झाल्या. ताईंनी नोटीस मागे घेतली.

आता बैठकीत तीन मशिनी धडधडतात आणि काकांची खाट मागाच्या खोलीत गेली आहे. परवा भर दुपारी डोकावलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. काका खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

"शांता म्हने, उन्हाळ्यात इथं पायाले थंडं लागते," ते म्हणाले. "जलमभर मले खोटं वाटलं. खरं हाये, वकीलसाहेब."