दोन भोकं वर

“तीस वर्षांत माझी टेप एकदाही चुकलेली नाही!” असं म्हणत मास्टरांनी मेहुण्याच्या बोटीला हात घातला. मास्टर म्हणजे शिंपी. आता शिंप्याचा आणि बोटीचा संबंध काय, तुम्हीच सांगा! पण तळ्यापलीकडे नवरदेव बनियनवर बसला होता, त्याचा सूट मास्टरांकडे होता आणि अकराला लग्न होतं. दहा वाजून गेले होते.

“इंजिन फार खाली बसवलंयस. पंखा इतका खोल गेला तर वेग कसा येणार?”

“भाऊजी, निदान माणसं बसवून बघा तरी आधी!” मेहुणा काकुळतीला आला.

“मला माप शिकवतोस? माप नेहमी उभ्याने घ्यायचं असतं!” गाड्यावर उभ्या असलेल्या रिकाम्या बोटीला मास्टरांनी टेप लावली, बोल्ट काढले आणि इंजिन दोन भोकं वर चढवून पुन्हा आवळलं.

बायको सूटचा खोका मांडीवर घेऊन पुढे बसली. ऐनवेळी काही उसवलं तर असावं म्हणून लोखंडी शिलाई मशीनही तिच्या पायाशी ठेवलं. मेहुण्याने बोट पाण्यात ढकलली. मास्टरांनी ऐटीत दोरी ओढली.

घर्रर्रर्र! इंजिन किंचाळलं, मागे फवारा उडाला, पण बोट जागची हलेना! पुढच्या वजनाने नाक खाली गेलं होतं, शेपूट वर उचललं होतं आणि पंखा अर्धा हवेत गरगरत होता. मास्टर पांढरेफटक पडले.

“अहो, हे काय?”

“माप बरोबर आहे! बोटच नीट बसलेली नाही!”

“मशीन मागे घ्या!” काठावरून मेहुणा ओरडला.

इंजिन बंद करायचं भान कोणाला होतं? मास्टरांनी तसंच पुढे जाऊन मशीन उचललं. बोट डावीकडे कलली, मास्टर उजवीकडे झुकले आणि डुबुक! तीस वर्षांचं मशीन गेलं तळाला! तेवढ्यात, पुढचं ओझं हलकं झाल्यामुळे पंख्याने पाणी धरलं आणि बोट अशी सुसाट सुटली की मास्टर उताणे पडले. रांगत रांगत जाऊन त्यांनी कसाबसा इंजिनाचा दांडा धरला.

अकराला पाच कमी असताना दोघं पलीकडे पोहोचली. चमत्कार म्हणजे सूट कोरडा! नवरदेवाने तो अंगात चढवला. कुठे एक सुरकुती नाही. मास्टरांच्या जिवात जीव आला, पाठोपाठ आवाजही आला.

“बघितलंस? टेप चुकत नाही म्हणजे नाही!”

“झकास!” म्हणत नवरदेव खुर्चीत बसला.

चर्रर्र!

सगळे जागच्या जागी थिजले. नवरदेवाचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि तिथेच राहिले.

“अहो,” बायको दातओठ खात हळूच म्हणाली, “याचंही माप उभ्यानेच घेतलं होतंत ना?”

मास्टरांनी एकदा नवरदेवाकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे पाहिलं.

“कोणाकडे सुई-दोरा आहे का हो?”