चुरीकाकांचा मंजूर झालेला राजीनामा

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चुरीकाका दर मीटिंगला राजीनामा देत. राजीनामा काय, कुणीही देतो. पण काका तो असा देत की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. खुर्ची मागे सरकवून उभे राहायचे, कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडायचे आणि टेबलावर असा आपटायचे की पलीकडच्या एव्हरशाईन वसाहतीतली कबुतरं उडायची ती थेट विरारच्या मनवेलपाड्यात जाऊन बसायची. मग म्हणायचे, "घ्या. सांभाळा तुमचं राज्य. मी मोकळा माणूस आहे."

यावर पुढे काय व्हायचं तेही ठरलेलं. आमचे अध्यक्ष परेरा सर, निवृत्त हेडमास्तर, सावकाश उठत, जुडगा उचलून काकांच्या हातात ठेवत आणि म्हणत, "चुरी, बस खाली. चहा निवतोय." काका म्हणत, "सर, केवळ तुमच्या शब्दाखातर." आणि बसत. मग खरी मीटिंग सुरू. एकदा घसा बसला म्हणून काकांनी राजीनामा दिला नाही, तर कोरम झालेला दिसत नाही असं समजून अर्धी सभा उठून घरी गेली.

काका मूळचे वसईच्या पश्चिमेकडचे, वाडीवाले. केळी, नारळ, पानवेली. भावाभावांत वाडीच्या वाटण्या झाल्या आणि काका पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, पण वाडी काही अंगातून गेली नाही. नळाला पाणी सोडलं असं ते कधी म्हणाले नाहीत. "आज ए विंग शिंपून झाली, आता बी शिंपतो," असं म्हणत. पाण्याच्या पंपावर हात ठेवून उभे राहत, गाभण गायीच्या पोटावर ठेवावा तसा. सोसायटीच्या राखीव पैशाचं, म्हणजे सिंकिंग फंडाचं, नाव काढलं की त्यांचा चेहरा देवघरात शिरल्यासारखा होई. त्या पैशाला हात लावायचा नाही, लांबून नमस्कार करायचा, हा त्यांचा नियम. कुणी जास्त वाद घातलाच तर ते घरच्या वाडवळी बोलीत शिरत, आणि मग परेरा सरांखेरीज कुणाला काही कळत नसे. परेरा सर त्याचा अर्थ सांगायला नकार देत.

जिन्याखाली आमचा नोटीस बोर्ड आहे, काचेचा, कुलूपवाला. त्यात काकांनी आयुष्यात एक नोटीस लावली नाही. "लावलेली नोटीस पाल वाचते," असं त्यांचं मत. नोटीस ते दारोदार जाऊन वाचून दाखवत. बेल वाजवायची, चष्मा नाकावर आणायचा आणि "सर्व सभासदांना कळविण्यात येते की..." इथवर आलं की आमच्या घरातून पोह्यांची बशी पुढे येई. मग ती नोटीस पोह्यांबरोबर आत येऊन बसे. समोरच्यांकडे चहा, वरच्यांकडे त्यांच्या सुनेला कुठला डॉक्टर चांगला यावर व्याख्यान. टाकी सोमवारी धुवायची असली, तर नोटीस शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत टाकी धुऊन, भरून, पुन्हा मळलेली असे.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्याबद्दल विचारलं की काका एवढंच म्हणत, "तिकडे म्हणे शेजाऱ्याकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो. कसे जगत असतील, देव जाणे."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दुसऱ्या मजल्यावर अनिकेत राहायला आला. साताऱ्याकडचा पोरगा, पाठीवर लॅपटॉप घेऊनच जन्मलेला. पण सज्जन. आणि घात त्या सज्जनपणानेच केला.

त्या दिवशी मीटिंगला रंगाच्या कोटेशनवरून वाजलं. काका उठले, चाव्या आपटल्या, "मी मोकळा माणूस आहे," झालं. सगळ्यांनी परेरा सरांकडे पाहिलं. सरांच्या तोंडात कढईतून नुकताच निघालेला अख्खा बटाटावडा होता. गिळता येईना, थुंकता येईना. आयुष्यभर पोरांना शिस्त लावलेला माणूस, भर सभेत थुंकणार कसा? डोळ्यांत पाणी आणून त्यांनी नुसता हात वर केला. आपल्याला बोलायची परवानगी मिळाली, असं अनिकेतला वाटलं.

"काका इतकी वर्षं आपल्यासाठी झिजले," तो उभा राहून म्हणाला. "आता ते स्वतःहून मोकळं करा म्हणतायत, तर त्यांना असं धरून ठेवणं मला तरी बरोबर वाटत नाही. काकांसाठी एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ दे."

आपल्याकडे टाळ्या म्हटलं की हात आधी वाजतात, डोकं मागून येतं. आम्ही वाजवल्या. सगळ्यात जोरात खुद्द चुरीकाका वाजवत होते. परेरा सरांनी वडा कसाबसा खाली ढकलला आणि ते "चुरी, बस" म्हणाले, तोवर काका बसलेच होते आणि चाव्या अनिकेतच्या हातात होत्या.

यानंतर बिल्डिंग कोसळेल अशी आमची सगळ्यांची खात्री होती. काही कोसळलं नाही. अनिकेतने पंपाला टायमर लावला, पाणी ठरल्या वेळेला येऊ लागलं. मेंटेनन्स मोबाईलवरून जाऊ लागला. नोटीस खिशात टिंग करून वाजायची आणि वाचायच्या आत दुसरी वाजायची. काका दोन दिवस पंपाशेजारी खुर्ची टाकून तो बंद पडायची वाट बघत बसले. पंप कधी नव्हे तो इतक्या गोड आवाजात चालू लागला की शेजारच्या सोसायटीवाले ऐकायला यायचे.

मग काकांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी गच्ची, दुपारी गेट, पुन्हा गच्ची. भाजीवाल्याच्या वजनकाट्याला तेल घाल, फार्मसीवाल्याच्या शटरचा आवाज ऐकून त्याला उपाय सांग. एकदा तर लोकांच्या सोसायट्या सुधारायला म्हणून थेट एव्हरशाईनमध्ये गेले. गेटवरच्या वॉचमनने वही पुढे केली. "किसके पास जाना है, अंकल?" काकांनी पेन हातात घेतलं, विचार केला, पेन खाली ठेवलं आणि परत आले. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

पुढच्याच रविवारी दारापाशी कसलीशी चाहूल लागली म्हणून मी भिंगातून पाहिलं. बाहेर काका उभे. बोट बेलपर्यंत गेलेलं. दुसऱ्या हातात वाचून दाखवायला काहीच नव्हतं. त्यांनी बोट खाली घेतलं आणि जिना उतरून गेले. मी दार उघडेपर्यंत खालच्या मजल्यावर त्यांचं दार लागलं होतं.

आणि मग भर एप्रिलात काकांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली.

अनिकेतकडे तक्रार गेली. तो बघून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. तो पुन्हा गेला. त्याने वालीवहून वॉटरप्रूफिंगवाला आणला. त्या माणसाने भिंतीला यंत्र लावलं, कान लावला, शेवटी जीभ लावायची तेवढी ठेवली आणि निदान केलं, "साहेब, ह्या भिंतीला पाणी लागलेलं नाही, तहान लागली असेल." तरी तिसऱ्या दिवशी तक्रार. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलेला अनिकेत पाठीवरची बॅगही न उतरवता आधी काकांची भिंत बघायला जाऊ लागला. आठवडाभराने तो आमच्या दारात आला.

"दादा, एकच शक्यता उरलीय. काकांचं घर तुमच्या बरोबर खाली. तुमच्या बाथरूमच्या लाद्या काढून बघायला लागेल."

त्या लाद्या बायकोने नुकत्याच बसवून घेतल्या होत्या. वसईपासून विरारपर्यंत एकही दुकान तिने सोडलं नव्हतं. काही दुकानदार तिला लांबून पाहिलं की शटर ओढून घेत. ती आतूनच म्हणाली, "त्याला सांगा, आधी माझी हाडं काढ म्हणावं." आणि मला म्हणाली, "तुम्ही जाता खाली, की मी जाऊ?"

ती गेली असती तर बिल्डिंग खरोखर कोसळली असती, म्हणून मी गेलो. जाताना प्रत्येक पायरीवर एकेक शिवी ठरवत गेलो. अनिकेत मागून.

दार उघडंच होतं. इतकी वर्षं काका आमच्याकडे आले, पण त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. टेबलावर दोन कप उपडे ठेवलेले, वाटीत चिवडा, वर झाकण. स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर एक खुर्ची मांडलेली, तिच्यावर नवी उशी. मला बघून ते गडबडीने उठले.

"तुमच्याकडून येतं असं मी नव्हतं हो म्हटलं," ते म्हणाले. "हा पोरगा म्हणाला. मी आपलं ओल आहे एवढंच म्हटलं."

"कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "इथं. म्हणजे सकाळी होती."

मी हात लावला. भिंत उन्हात वाळवलेल्या पापडासारखी होती. जिन्यात ठरवलेलं सगळं जिभेच्या टोकावर होतं. काका माझ्या हाताकडे बघत होते, डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसे.

"आहे," मी म्हणालो. "चांगलीच आहे. आमच्याच बाथरूमची असणार."

अनिकेतने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग लाद्या...?"

"लाद्यांना हात लावायचा नाही. अशी ओल लगेच सापडत नसते. रोज कुणीतरी येऊन बघत राहायला पाहिजे. एक दिवस तू, एक दिवस मी, एक दिवस परेरा सर."

"म्हणजे तक्रार ओपन ठेवू?"

"ओपनच ठेव."

काका अजून भिंतीपाशीच उभे होते. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"साडेसातनंतर या," ते म्हणाले. "दिवसभर तशी मला गडबड असते. पण साडेसातनंतर घरीच असतो मी."