बांबर्डेकरांची उचकी

"बांबर्डेकरांचंच भावगीत आणा हां," सुभद्राने गणपतला बजावलं होतं. "मुलगी बघायला येणारे हटकून गायला सांगतात. नलू तबकडी ऐकून शिकेल."

यशवंत बांबर्डेकर रेडिओवर गायला लागले की नायगावातली ती अख्खी चाळ डोळे पुसायची. गणपतला मात्र त्यांचं गाणं ऐकलं की जांभया यायच्या. दुकानदाराने 'नामवंतांच्या नकला' नावाची तबकडी लावली आणि गणपत हसून हसून जागच्या जागी विरघळला. तीत नकलाकाराचे बांबर्डेकर चंद्राला हाक मारत. मग त्यांना उचकी लागे, मग हुंदका, मग बारीकसा खोकला, आणि पुन्हा चंद्र. गणपतने तीच तबकडी घेतली. तो गिरणीत टाइमकीपर होता. ऑफिसातल्या डिंकाने त्याने लेबलावर कॅलेंडरातली सरस्वती चिकटवली आणि निर्धास्तपणे घरी आला.

"अहो, ह्यांना दमाबिमा आहे काय?" सुभद्राने ऐकता ऐकता विचारलं.

"त्याला भाव म्हणतात," गणपत म्हणाला. हसू आवरेना म्हणून त्याने पंचा तोंडावर घेतला. पंचा गदगदा हलू लागला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण नवरा इतका हळवा आहे हे सुभद्राला त्या दिवशी कळलं. तिने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि खरं सांगायची वेळ गेली ती गेलीच.

तो कामावर गेला की नलू ग्रामोफोनला चावी देऊन बसायची. आठवड्यात उचकी जमली, पंधरवड्यात खोकला.

पहिला मुलगा घोडपदेवचा. तो डोळे मिटून मान डोलावत राहिला. होकार आला, पण नलू म्हणाली, "नाक मोठं आहे." दुसऱ्याने खोकल्याला दाद दिली. नलूला त्याचे कान आवडले नाहीत.

"आता तिसऱ्याला नाही म्हणालीस ना गो, तर मी सरळ गावाला निघून जाईन," सुभद्रा म्हणाली.

तिसरा वसंत, लालबागच्या एका छापखान्यातला. त्याच्याबरोबर मामा शामराव येणार म्हटल्यावर गणपत हबकला. शामराव संयुक्त महाराष्ट्र समितीचे वक्ते. चार दिवसांच्या तुरुंगवासावर ते चार महिने भाषणं करत होते, आणि शिवाय गाण्यातले दर्दी. ह्या दर्द्याने नक्कल ओळखली तर नलूचं हसं होणार, स्थळ जाणार आणि सुभद्रा पंच्याचा जाब विचारणार.

रविवारी मोर्चा उरकून मंडळी आली. नलूने चंद्राला हाक मारली आणि उचकी दिली.

"वा," शामराव डोळे टिपत म्हणाले. "उचकीतसुद्धा विरह आहे."

गणपतचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्याचं लक्ष वसंतकडे गेलं. त्याचे कान लाल झाले होते आणि रुमाल तोंडाशी होता. हुंदक्याला बशी वाजली. खोकल्याला चहा नाकातून आला आणि वसंत पोट धरून हसत सुटला.

"गाढवा," शामराव कडाडले, "महाराष्ट्र पेटलाय आणि तू कलेला हसतोस?"

"मामा, हा खोकला बांबर्डेकरांचा नाही ओ. नकलेतला आहे. माझ्याकडे पण आहे ती तबकडी."

सुभद्राने नवऱ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या पंच्याकडे. गणपत जमिनीकडे बघत राहिला.

"मला मुलगा पसंत आहे," नलू म्हणाली.

"आणि ह्याचं नाक, कान?" सुभद्राच्या तोंडून निघून गेलं.

"ते बघितलेच नाहीत. हसतो की नाही, तेवढंच बघत होते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" गणपतने विचारलं.

"बाबा, तबकडीला दोन बाजू असतात. सरस्वती तुम्ही एकाच बाजूला चिकटवलीत."

वसंत पुन्हा हसायला लागला. शामरावांनी घसा साफ केला. "मी उचकीलाच ओळखलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, बघू कोण बोलतंय."

लग्न झालं. नलू जाताना तबकडी घेऊन गेली. शामरावांनी आपलं दर्दीपण सिद्ध करायला बांबर्डेकरांची अस्सल तबकडी आहेर म्हणून दिली. पहिल्याच संध्याकाळी सुभद्राने ती लावली आणि पंचा नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "रडा आता."

बांबर्डेकर गाऊ लागले. उचकी नाही, खोकला नाही. ग्रामोफोनपाशी नलूची बसायची जागा रिकामी होती. गणपतने पंचा तोंडावर घेतला. तो हलू लागला.

"परत हसताय?" म्हणत सुभद्राने पंचा ओढला. मग तिने त्याचे डोळे पुसले आणि उरलेल्या टोकाने आपलेही.