खासनीस पोचले

खासनीस कधीच कुठून निघत नाहीत. ते फक्त पोचतात.

निघण्यावर त्यांचा विश्वासच नाही. "निघालेला माणूस म्हणजे नुसता बेत, सुहासराव. पोचलेला माणूस म्हणजे वस्तुस्थिती," असं त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे 'निघतोय', 'वाटेत आहे', 'पाच मिनिटांत आलोच' असले मेसेज त्यांनी उभ्या जन्मात कुणाला पाठवलेले नाहीत. त्यांचा मेसेज एका शब्दाचा. पोचलो. लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरमधल्या घरातून स्टेशनवर आले की पोचलो. ऑफिसात शिरले की पोचलो. कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी पोचलो, आणि दूध घेऊन घरी परतले की पुन्हा पोचलो.

हे सगळे मेसेज यायचे मला. कारण आमच्या कंपनीचा एक नियम. कंपनी छोटीशी, लसींच्या फ्रिजवर नजर ठेवणारी यंत्रं बनवते. फ्रिजचं तापमान वर गेलं की बोंब मारायची, एवढंच त्या यंत्राचं काम. खासनीस ती यंत्रं बसवायचे आणि दुरुस्त करायचे, मी मिल्टन कीन्सला बसून त्यांचं सॉफ्टवेअर लिहायचो. एकट्यानं बाहेरगावी जाणाऱ्या इंजिनियरनं पोचल्यावर एका सहकाऱ्याला कळवायचं आणि त्यानं उलट उत्तर द्यायचं, असा तो नियम. बाकीचे इंजिनियर आठवण झाली तर तो पाळत. खासनिसांनी सहकाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घातलं आणि त्या नियमाचं व्रत केलं.

माणूस साठीचा, मूळचा मिरजेचा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. उंच, काटकुळा, आणि चष्मा कायम नाकाच्या टोकावर, जणू तोही अजून कुठं पोचायचाय.

लॉकडाउन लागला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी जरा सुखावलो. घरात कोंडलेला माणूस पोचून पोचणार कुठं? सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मेसेज आला, 'ऑफिसात पोचलो.' ऑफिस म्हणजे त्यांचं डायनिंग टेबल. साडेदहाला, 'किचनमध्ये पोचलो. वाटेत गर्दी नव्हती.' दुपारी, 'बागेत पोचलो. शेजारीणही पोचली होती. दोघंही मागे सरलो.' एका शब्दात भागवणारा माणूस कोंडल्यावर प्रवासवर्णनं लिहायला लागला. व्हिडिओ मीटिंगमध्ये पडद्यावर चेहरा उमटला की पहिला शब्द तोच. आमच्या यॉर्कशरच्या साहेबांना वाटलं, हा आपला भारतीय नमस्कार असणार. महिन्याभरात तेही गंभीर चेहऱ्यानं हात जोडून "पोच्लो, एव्हरीवन" म्हणू लागले. मी खुलासा केला नाही. मी एकूणच फारसा कुणाला खुलासा करत नाही.

म्हणूनच पुढची गोष्टही इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा.

सुरुवातीला मी इमानदारीत प्रत्येक 'पोचलो'ला उत्तर द्यायचो, 'बरं झालं. सांभाळून.' पण दिवसाला पंधरा वेळा? मे महिन्यातल्या एका दुपारी मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. खासनिसांचा मेसेज आला रे आला, की माझा फोन आपणहून उत्तर देणार, 'बरं झालं. सांभाळून.' मला मेसेज दिसायचाही नाही. कामाचं ते ईमेलवर कळवत, त्यामुळे अडण्यासारखं काही नव्हतं. ते तिकडे पोचत राहिले, माझा फोन त्यांना सांभाळत राहिला आणि मी मुकाट माझं काम करत राहिलो. कुणाचं काय बिघडत होतं?

लसी आल्या आणि पुढच्या वसंत ऋतूत पार स्कॉटलंडच्या टोकाला, ऑर्कनीतल्या दोन चिमुकल्या बेटांवरची आमची यंत्रं उगाचच बोंबलू लागली. यंत्रासाठी खासनीस आणि सॉफ्टवेअरसाठी मी, अशी जोडगोळी निघाली. चूक, पोचायला लागली. खासनीस नवरदेवासारखे खुलले होते. वर्षभर बेडरूम ते किचन केलेल्या माणसाला एका दिवसात तीन विमानं! 'अत्यावश्यक प्रवास' असं लिहिलेलं कंपनीचं पत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलं होतं. खिशात शिंप्याची टेप. कुणी जवळ आलं की ते टेप काढून दाखवत. मोजायची वेळ येत नसे, माणूस आपोआप मागे सरे.

तिथलं बेटांमधलं विमान आठ आसनांचं. टेम्पोला पंख लावल्यासारखं. तोल सांभाळायला प्रत्येकाचं वजन विचारून जागा देतात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं तेव्हा खासनिसांनी अदबीनं शंका काढली, जेवणाआधीचं की नंतरचं? बाई म्हणाल्या, आत्ताचं. मग त्यांनी दशम्यांचा डबा काउंटरवर ठेवला आणि हा सामानात धरायचा की पोटात, असं विचारलं. बाईंनी मास्कच्या वरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांना पुढं बसवलं, मला मागं.

पहिल्या बेटावरचा फ्रिज ठणठणीत निघाला. खासनिसांनी अर्धा तास खटपट केली, कान लावून ऐकलं आणि निदान केलं.

"तुमचंच सॉफ्टवेअर हो, सुहासराव. तापमान न वाचताच उत्तर देतंय."

मी मान खाली घालून ते दुरुस्त करायला घेतलं.

तिथून दुसऱ्या बेटाचं विमान दोन मिनिटांचं. खरंच दोन मिनिटांचं. खासनिसांना ते आवडलं नव्हतं. ही पोचण्याची थट्टा आहे, असं त्यांचं मत. धावपट्टीच्या कडेच्या शेडमध्ये आम्ही दोन टोकांना बसून दशम्या खात होतो, मधे टेप पसरलेली. तेव्हा ते म्हणाले, "तुमचे आभार मानायचे राहिलेत. आई गेली तेव्हाचे."

मला कळेना. कुणाची आई? कधी?

"मागच्या जूनमध्ये. विमानं बंद होती. भाच्यानं मिरजेहून फोनवर दाखवलं सगळं. नातेवाइकांचे हे एवढाले मेसेज आले, फुलंबिलं, दिवे. ऑफिसात मी फक्त तुम्हाला कळवलं होतं. 'आई गेली.' आणि तुम्ही त्याच क्षणी लिहिलंत, 'बरं झालं. सांभाळून.'"

मी हातातली दशमी खाली ठेवली.

"तीन वर्षं अंथरुणात होती हो. खरंच बरं झालं, सुटली. पण ते म्हणायला कुणी धजत नव्हतं. तुम्ही म्हणालात. मग मला रडता आलं." त्यांनी डबा बंद केला. शाळेत असल्यापासून त्यांचं 'पोचलो' कळल्याशिवाय आई घास घेत नसे, हेही त्यांनी सांगितलं. "ती गेल्यावर पोचूनही पोचल्यासारखं वाटेना. नशीब, तुम्ही होतात."

विमान आलं. मी ठरवलं, आता सांगायचंच. बसलो, पट्टा लावला, धीर एकवटला. पण दोन मिनिटांच्या विमानात गुन्हा कबूल करता येत नाही. मी मागून "अहो" म्हणेपर्यंत चाकं टेकली होती.

खाली उतरताना एका माणसानं आमच्या ओंजळीत सॅनिटायझर ओतला. खासनिसांनी हात चोळून फोन काढला आणि समोर मी उभा असतानासुद्धा व्रताप्रमाणे टाइप केलं, 'पोचलो.' माझा फोन पाठीवरच्या बॅगेत होता. एरवी विमानात चढताना मी तो बंद करायचो, या वेळी कबुलीच्या नादात राहिला होता. दोन्ही हात ओंजळ करून पुढे, त्यातून सॅनिटायझर टपकतोय, असा मी त्यांच्यासमोर उभा असताना त्यांच्या हातातला फोन वाजला.

'बरं झालं. सांभाळून.'

त्यांनी फोनकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं.

मग मी कबूल केलं. वारा असा सुटला होता की उभं राहणं मुश्किल, तोंडाला मास्क, आणि मधे दोन मीटर. जन्मभर हळू बोललेल्या मला आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा कबुलीजबाब बेंबीच्या देठापासून ओरडून द्यावा लागला.

"मी तो मेसेज वाचलाच नव्हता!"

"काय?" खासनिसांनी कानाशी हात नेला.

"यंत्र लावलं होतं! मे महिन्यापासून!"

"कशाला यंत्र?"

"तुम्हाला उत्तर द्यायला!"

तिसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं. ते काहीतरी म्हणाले, ते वाऱ्यानं नेलं. फाटकाशी गाडी घेऊन थांबलेल्या नर्सबाई प्रेमानं म्हणाल्या, "यू गॉट हिअर, देन." म्हणजे पोचलात एकदाचे. अख्ख्या ब्रिटनमध्ये खासनिसांना त्यांच्या भाषेत बोलणारं पहिलं माणूस भेटलं होतं. खासनिसांनी नुसती मान हलवली.

त्या दिवशी परत येताना तीन विमानतळ लागले. ते माझ्याशी फ्रिजबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, उरलेली दशमी अर्धी मोडून दिली. पण एकदाही फोन काढला नाही. हीथ्रोला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मिल्टन कीन्सला घरी आलो, बूटसुद्धा न काढता तो प्रोग्राम पुसून टाकला आणि फोन समोर ठेवून बसलो. हीथ्रोहून स्टॅनमोर तर माझ्या घरापेक्षा जवळ. एव्हाना माणूस घरी असायला हवा होता. बायकोनं दोनदा पानावर बोलावलं. मला जेवण जाईना. तेव्हा ध्यानात आलं की मिरजेतल्या एका बाईनं पन्नास वर्षं हे केलं होतं.

शेवटी मीच लिहिलं. जन्मात पहिल्यांदा.

'पोचलो.'

उत्तर लगेच आलं नाही. पाच मिनिटं गेली, सात गेली. चष्मा वर सरकवून एकेक अक्षर शोधत असणार.

'बरं झालं. सांभाळून. हातानं लिहिलंय. मीही पोचलो.'

मी पानावर जाऊन बसलो.